शाफान चिटणिसाचे घराणे

(वाचावयाचा शास्त्रभाग: २ राजे २२, यिर्मया २६, ३६, ३८, ४० व ४१)

गेल्या पावसाळ्यात आमच्या मंडळीच्या शास्त्रवर्गात आम्ही सहज विचारले, "शाफान कोण होता?" योसेफ, दानीएल, नहेम्या, मर्दखय ही नावे कोणीही सांगितली असती. राजदरबारात मोठ्या पदाला चढलेले देवभक्त म्हटले की आपल्यापुढे हेच चौघे उभे राहतात. शाफान मात्र कोणालाच आठवेना. एक वयस्कर बंधू प्रामाणिकपणे म्हणाले, "ती अमका बिन तमका अशी नावे आली की आम्ही दोन वचने सोडून पुढे जातो." वर्ग हसला. आम्हीही हसलो, कारण पुष्कळ वर्षे आम्हीही तेच करीत आलो होतो.

परंतु ही नावे एकदा कागदावर उतरून काढावीत. यहूदाच्या राज्याच्या शेवटच्या छत्तीस वर्षांत, म्हणजे इ.स.पू. ६२२ पासून ५८६ पर्यंत, "शाफानाचा मुलगा", "शाफानाचा नातू" हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात, आणि बहुतेक वेळा देवाचे वचन व राजा ह्यांच्या मध्ये ह्या घराण्यातला कोणीतरी उभा असतो. योसेफ आणि दानीएल ह्यांनी परक्या राजांची चाकरी केली. शाफानाच्या घराने आपल्याच राजांची चाकरी केली, तीही मंदिराच्या शेजारी बसून. आम्हांला हे काम अधिक अवघड वाटते. परका राजा देवाला ओळखत नाही हे आधीच ठाऊक असते. आपला राजा ओळखत असूनही ऐकत नाही, तेव्हा त्याच्या चाकराने काय करावे?

प्रथम दरबाराची थोडी ओळख करून घेऊ. दावीद व शलमोन ह्यांच्या कारभाऱ्यांच्या याद्या २ शमुवेल ८ व १ राजे ४ ह्या अध्यायांत आहेत. त्यांत सेनापती आहे, याजक आहेत, वेठीच्या कामावरचा अधिकारी आहे, आणि "राजाचा मित्र" असेही एक पद आहे. आपल्या भाषांतरकारांनी लेखनाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याला चिटणीस हा शब्द वापरला, तो आपल्या मराठी दरबारातलाच. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे ज्यांची घराणी संस्थानी काळापासून राहिली आहेत, त्यांना ह्या शब्दाचे वजन निराळे सांगावयास नको. चिटणीस नुसता लिहिणारा नव्हे. राजाकडे येणारे आणि राजाकडून जाणारे पत्र त्याच्या हातातून जाई. मंदिराच्या पेटीत पैसा साठला की तो मोजण्यासाठी मुख्य याजकाबरोबर राजाचा चिटणीस बसे, असे २ राजे १२:१० मध्ये सांगितले आहे.

दुसरे मोठे पद राजवाड्याच्या कारभाऱ्याचे. इब्री भाषेत त्याला सरळ "घरावरचा" असे म्हणत. यशया २२ मध्ये शेबना नावाचा असा कारभारी भेटतो. तो डोंगरात उंच जागी स्वतःसाठी कबर खोदवीत होता, आणि यशयाने त्याला तेथेच गाठून फटकारले. त्याचे पद एल्याकीमाला मिळेल आणि दाविदाच्या घराची किल्ली एल्याकीमाच्या खांद्यावर येईल, असे भविष्य संदेष्ट्याने केले. पुढे इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरी सैन्य यरुशलेमेच्या भिंतीपाशी आले, त्या वेळी खरोखरच एल्याकीम कारभारी आहे आणि शेबना चिटणीस आहे (यशया ३६:३). यरुशलेमेसमोरच्या सिलवान गावात खडकात कोरलेल्या एका कबरीच्या चौकटीवरचा लेख १८७० साली क्लेरमाँ-गानो ह्या फ्रेंच विद्वानाला सापडला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. लेख इतका झिजला होता की तो वाचून होण्यास १९५३ साल उजाडले. इस्राएलच्या नहमान अविगाद ह्यांनी तो लावला. ही कबर एका "घरावरच्या" अधिकाऱ्याची आहे, येथे सोने-रुपे काही नाही, हाडे आहेत, आणि उघडील त्याला शाप असो, असा त्याचा आशय. नावाचा पहिला भाग तुटला आहे व शेवटची "याहू" एवढीच अक्षरे राहिली आहेत. हा शेबनाच असावा असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. नाव कोणाचेही असो, एवढ्या मोठ्या माणसाला मरणानंतर चोरांची धास्ती होती हे त्या दगडावर स्पष्ट लिहिलेले आहे.

तिसरी उपाधी "राजाचा सेवक". आपल्याला ती हलकी वाटेल, पण मोठे अधिकारी ती अभिमानाने आपल्या मोहोरेवर कोरीत. मिस्पा येथे १९३२ साली निघालेल्या एका मोहोरेवर याजन्या, राजाचा सेवक, अशी अक्षरे आहेत व खाली झुंजीच्या पवित्र्यात एक कोंबडा कोरला आहे. यरुशलेमेत दावीदनगराच्या उत्खननात निघालेला आणि २०१९ साली जाहीर झालेला एक मातीचा ठसा नथन-मेलेख, राजाचा सेवक, ह्याचा आहे. त्या नावाचा अधिकारी २ राजे २३:११ मध्ये आहे.

मोहोरेचे काम येथेच समजावून सांगतो, कारण पुढे ते लागेल. कागद, म्हणजे त्या काळचा पपायरस, लिहून झाला की गुंडाळीत, दोऱ्याने बांधीत, गाठीवर ओल्या मातीची गोळी थापीत आणि तीवर मोहोर दाबीत. गोळी वाळली की लखोटा बंद. ती गोळी न फोडता आतला मजकूर कोणाला बदलता येत नसे. ज्याच्या मोहोरेवर राजाचा विश्वास, त्याच्या लखोट्यावर राज्याचा विश्वास.

आता शाफानाकडे येऊ.

योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, इ.स.पू. ६२२ मध्ये, राजाने शाफानाला मंदिरात पाठविले. काम साधे होते: द्वारपाळांनी लोकांकडून जमा केलेला पैसा मोजून सुतार, गवंडी व कारागीर ह्यांच्याकडे दुरुस्तीसाठी सोपवावा. शास्त्र येथे एक मोलाची गोष्ट सांगते की त्या मुकादमांकडून हिशेब मागितला जात नव्हता, कारण ते सचोटीने वागत (२ राजे २२:७). आपल्या मंडळ्यांच्या बांधकाम कमिट्यांना हे वचन फार आवडते. आम्ही मात्र म्हणू की हिशेब मागितला नाही तरी ठेवावा.

मंदिरात मुख्य याजक हिल्कीया ह्याने शाफानाच्या हाती एक ग्रंथ दिला. हा नियमशास्त्राचा ग्रंथ आहे असे हिल्कीयाने सांगितले. शाफानाने तो तेथेच वाचला. नंतर तो राजाकडे गेला आणि त्याने काय केले ते पाहा. आधी त्याने पाठविलेल्या कामाचा जबाब दिला: पैसा बाहेर काढला, मुकादमांच्या हाती दिला. मग म्हणाला की याजकाने मला एक ग्रंथ दिला आहे. "एक ग्रंथ" एवढेच. नियमशास्त्र हा शब्द त्याने उच्चारला नाही, हे चांगले आहे किंवा भयंकर आहे असेही सांगितले नाही. तो राजापुढे वाचू लागला.

काही टीकाकार म्हणतात की शाफान भ्याला, म्हणून त्याने बातमी अशी बेताने सांगितली. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याने ग्रंथ आधीच वाचला होता, त्याला त्यातले शाप ठाऊक होते. ते शाप ज्या राज्यावर यायचे त्याच राज्याच्या मालकासमोर तो उभा होता. मागे मनश्शेने यरुशलेम निर्दोष रक्ताने भरून टाकले होते, आणि आमोन राजाला त्याच्याच चाकरांनी वाड्यात मारले होते. अशा वाड्यात तोंड उघडताना माणूस स्वतःचे मत पुढे करतो, किंवा मऊ करून सांगतो, किंवा वाचतच नाही. शाफानाने ग्रंथालाच बोलू दिले. राजाने आपली वस्त्रे फाडली.

मग राजाने पाच जणांना हुल्दा संदेष्ट्रीकडे पाठविले. त्यांत हिल्कीया याजक, शाफान, राजाचा सेवक असाया, शाफानाचा मुलगा अहीकाम, आणि मीखायाचा मुलगा अखबोर होते. बाप आणि मुलगा एकाच कामावर आहेत हे ध्यानात ठेवावे, आणि अखबोर हे नावही विसरू नये. हुल्देचा नवरा शल्लूम हा वस्त्रांचे भांडार सांभाळणारा, म्हणजे तोही चाकरमान्यांपैकीच. देवाचा मोठा निकाल ऐकण्यासाठी राज्याचे वरिष्ठ अधिकारी एका भांडाऱ्याच्या घरी त्याच्या बायकोपुढे जाऊन उभे राहिले.

योशीया इ.स.पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मारला गेला, आणि लवकरच त्याचा मुलगा यहोयाकीम गादीवर आला. शाफानाचे नाव येथून पुढे फक्त मुलांच्या नावामागे येते.

यहोयाकीमाच्या आरंभीच यिर्मयाने मंदिराच्या अंगणात सांगितले की हे मंदिर शिलोसारखे होईल. याजक व संदेष्टे ह्यांनी त्याला धरले व मरणदंड मागितला. तेव्हा राजवाड्यातून अधिकारी वर आले, नव्या दरवाजात न्यायाला बसले आणि त्यांनी त्याला सोडले. आपल्या वर्गांत "अधिकारी" म्हटले की वाईट आणि "याजक" म्हटले की चांगले अशी समजूत मुलांत पक्की बसते. यिर्मया २६ वाचला की ती ढळते. परंतु ह्या अध्यायाचा शेवट दोन माणसांवर आहे, आणि ती दोघेही त्या पाच जणांची मुले आहेत. उरीया नावाचा दुसरा संदेष्टा यिर्मयासारखेच बोलला आणि भीतीने मिसरास पळाला. राजाने त्याला आणण्यासाठी अखबोराचा मुलगा एलनाथान ह्याला पाठविले. एलनाथान गेला, उरीयाला घेऊन आला, आणि राजाने त्याला तरवारीने मारून त्याचे प्रेत सामान्य लोकांच्या कबरस्तानात टाकविले. यिर्मयाच्या पाठीशी मात्र शाफानाचा मुलगा अहीकाम ह्याचा हात होता, म्हणून तो लोकांच्या हाती मरावयास गेला नाही. हुल्देच्या दाराशी बाप एकत्र उभे होते. मुलांचे रस्ते असे फुटले.

आता यिर्मया ३६. शिक्षकांनी ह्या अध्यायासाठी एक रविवार पुरा ठेवावा.

यहोयाकीमाच्या चौथ्या वर्षी यिर्मयाने आपली सर्व वचने बारूखाला सांगून एका गुंडाळीवर लिहवून घेतली. यिर्मयाला मंदिरात जाण्याची मनाई होती. पाचव्या वर्षी, नवव्या महिन्यात, म्हणजे इ.स.पू. ६०४ च्या डिसेंबराच्या सुमारास, उपास जाहीर झाला. त्याच सुमारास, किसलेव महिन्यात, नबुखद्नेस्सराने पलिष्ट्यांचे अष्कलोन शहर घेतले असे बाबेलच्या बखरीच्या विटेवर लिहिले आहे. ती वीट १९५६ साली वाचून प्रसिद्ध झाली. अष्कलोन यरुशलेमेपासून पायी दोन-तीन दिवसांची वाट. लोक उपासाला का जमले असतील हे निराळे सांगावयास नको.

बारूखाने गुंडाळी कोठे वाचली? शाफानाचा मुलगा गमऱ्या ह्याच्या खोलीतून, वरच्या अंगणात, नव्या दरवाजाजवळ. ज्याला मंदिरात बंदी, त्याचे शब्द वाचण्यासाठी दरबारी माणसाने आपली खोली उघडी ठेवली. गमऱ्या स्वतः तेथे नव्हता, तो राजवाड्यात चिटणिसाच्या कचेरीत बसला होता. वाचन ऐकून त्याचा मुलगा मीखाया धावत कचेरीत गेला व ऐकलेले सर्व त्याने सांगितले. ही तिसरी पिढी. आजोबाने ग्रंथ राजाकडे नेला होता. नातू निरोप घेऊन बापाकडे आला.

कचेरीतले बोलणे नीट पाहावे. अधिकाऱ्यांनी बारूखाला बोलाविले आणि बसून वाच असे आदराने म्हटले. ऐकून ते भयभीत होऊन एकमेकांकडे पाहू लागले. मग त्यांनी एक अगदी कचेरीतला प्रश्न विचारला: हे तू कसे लिहिलेस? बारूख म्हणाला, तो तोंडाने सांगत गेला व मी शाईने लिहीत गेलो. शाईचा उल्लेख वाचून आम्हांला नेहमी हसू येते. घाबरलेला कारकून असेच उत्तर देतो. परंतु प्रश्न रास्त होता. राजापुढे कागद ठेवावयाचा तर तो कोणाचा व कसा झाला ह्याची खात्री हवी. मग त्यांनी दोन गोष्टी ठरविल्या. राजाला हे सांगणे भाग आहे. आणि बारूख व यिर्मया ह्यांनी लपावे, कोठे ते कोणाला कळू नये. तो कागद त्यांनी अलीशामा चिटणिसाच्या कोठडीत ठेवला आणि तोंडी बातमी घेऊन ते राजाकडे गेले.

अशी चाकरी करणे सोपे नाही. बातमी दडपली तर देवाचा अपराध, माणूस दिला तर त्याचे रक्त. त्यांनी बातमी दिली आणि माणूस लपविला.

राजा हिवाळ्यातल्या महालात शेगडीपुढे बसला होता. यहूदी नावाच्या सेवकाला गुंडाळी आणावयास पाठविले व त्यानेच ती वाचली. तीन-चार रकाने वाचून झाले की राजा लेखणी तासण्याच्या सुरीने ते कापी व शेगडीत टाकी. सुरी चिटणिसांची, हात राजाचा. अशी सबंध गुंडाळी जळाली. शास्त्र म्हणते की कोणी भ्याले नाही व कोणी वस्त्रे फाडली नाहीत. येथे मूळ इब्री शब्द मुद्दाम सांगण्यासारखा आहे. योशीयाने वस्त्रे फाडली तेथे "कारा" हे क्रियापद आहे. यहोयाकीमाने गुंडाळी कापली तेथेही तेच आहे. बापाने वचन ऐकून आपली वस्त्रे फाडली, मुलाने वचन फाडले.

त्या वेळी तीन माणसे राजाला विनवीत होती की जाळू नका: दलाया, शाफानाचा मुलगा गमऱ्या, आणि अखबोराचा मुलगा एलनाथान. होय, तोच एलनाथान, ज्याने उरीयाला मिसरातून ओढून आणले. तो का बदलला हे शास्त्र सांगत नाही. आम्ही एवढेच म्हणतो की उरीयाचे प्रेत त्याने पाहिले असले पाहिजे. राजाने त्यांचे ऐकले नाही. यिर्मया व बारूख ह्यांना धरण्याचा हुकूम सुटला, परंतु परमेश्वराने त्यांना लपविले, आणि गुंडाळी पुन्हा लिहिली गेली, पहिल्याहून मोठी.

येथे आम्हांला स्वतःची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी आम्ही एका संस्थेच्या कचेरीत कारकून होतो. एका विधवा बाईचा अर्ज आमच्या टेबलावर आला. नवऱ्याच्या जागेवरच्या खोलीत मुलांची परीक्षा होईपर्यंत राहू द्यावे एवढेच तिचे म्हणणे होते. वरिष्ठांना तो अर्ज रुचणार नाही हे आम्हांला माहीत होते. कोणी आम्हांला दडपण्यास सांगितले नव्हते. आम्हीच तो फायलीच्या तळाशी घातला आणि "आज साहेबांचे चित्त बरे नाही, उद्या दाखवू" असे तीन आठवडे म्हणत राहिलो. एक दिवस ती बाई हातगाडीवर सामान घालून गेली. वरिष्ठांनी अर्ज वाचला असता तर कदाचित नाकारलाच असता, यहोयाकीमासारखा. पण तो त्यांच्यापुढे ठेवणे हे आमचे काम होते, आणि आम्ही ते केले नाही. यिर्मया ३६:१६ मध्ये "हे राजाला सांगितलेच पाहिजे" अशा अर्थाचे ते वाक्य आले की आम्हांला ती हातगाडी दिसते.

आता मातीच्या गोळीकडे परत येऊ. १९८२ साली यरुशलेमेच्या दावीदनगरात यिगाल शिलो ह्यांच्या उत्खननात, इ.स.पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने जाळलेल्या थरात, एका खोलीत पन्नासच्या आसपास मोहोरांचे ठसे एकत्र सापडले. लखोटे जळून गेले होते, पण त्याच आगीने मातीच्या गोळ्या विटेसारख्या भाजून टिकल्या. एका गोळीवर गमऱ्याहू बिन शाफान अशी अक्षरे आहेत. नाव तेच, बापाचे नाव तेच, काळ तोच, शहर तेच. ज्याच्या खोलीतून बारूखाने वाचले त्याच गमऱ्याची ही मोहोर असावी असे बहुतेक विद्वान मानतात.

येथे शिक्षकांना एक सूचना. काही जुन्या पुस्तकांत बारूख चिटणिसाच्या मोहोरेचे चित्र असते. तो ठसा उत्खननात सापडलेला नसून बाजारात आलेला होता व १९७८ साली प्रसिद्ध झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तो बनावट ठरविण्यात आला. तेव्हा ते चित्र वर्गात दाखवू नये. गमऱ्याचा ठसा खणून काढलेला आहे, त्याचे चित्र खुशाल दाखवावे.

ह्या घराण्यातली आणखी दोन नावे थोडक्यात. एलासा बिन शाफान हा सिद्कीया राजाचा वकील होऊन बाबेलास गेला, आणि बंदिवानांना लिहिलेले यिर्मयाचे प्रसिद्ध पत्र त्याच्या हातून गेले (यिर्मया २९:३). दुसरे नाव दुःखाचे आहे. यहज्केल ८:११ मध्ये सत्तर वडील अंधाऱ्या खोलीत भिंतीवरच्या मूर्तींना धूप जाळताना दिसतात, आणि त्यांच्या मधोमध याजन्या बिन शाफान उभा आहे. हा त्याच शाफानाचा मुलगा असेल, तर संदेष्ट्याने सत्तरांतून त्याचेच नाव का घेतले हे समजते. घराण्याचा विश्वास वारसाने मिळत नाही हे आपल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यांनी, म्हणजे आम्हीही, जरा बसून वाचावे.

सिद्कीयाच्या दरबारात शेवटी जे अधिकारी वरचढ झाले त्यांनी यिर्मयाला चिखलाच्या विहिरीत सोडले. राजा त्यांना म्हणाला की तुमच्यापुढे माझे काही चालत नाही. त्या चौघांपैकी यहूकल बिन शलेम्या व गदल्या बिन पशहूर ह्या दोघांच्या मोहोरांचे ठसे २००५ व २००८ साली दावीदनगरातच एकमेकांपासून काही हातांवर सापडले. म्हणजे मोहोर वाईट माणसाचीही टिकते. यिर्मयाला वर काढले ते एका कूशी खोजाने. त्याचे नाव एबद-मलेख, आणि ह्या नावाचा अर्थच "राजाचा सेवक". मोठ्या लोकांनी मोहोरेवर मिरविलेली ती उपाधी. राजा बन्यामीन दरवाजात उघड बसला असता त्याने सर्वांदेखत जाऊन सांगितले की ह्या माणसांनी वाईट केले आहे. मग भांडाराखालच्या खोलीतून जुनी फाटकी वस्त्रे आणली, ती दोराबरोबर खाली सोडली आणि काखेत दोराखाली घे असे वरून सांगितले. दोर कोणीही सोडला असता. काखेला काच पडेल हे त्याला सुचले.

राज्य बुडाल्यावर बाबेलच्या राजाने उरलेल्या गरीब लोकांवर गदल्या बिन अहीकाम बिन शाफान ह्याला नेमले. वर सांगितलेल्या पशहूराच्या मुलाहून हा निराळा. ज्याने यिर्मयाला वाचविले त्या अहीकामाचा हा मुलगा; यिर्मयाही त्याच्यापाशी मिस्पात जाऊन राहिला. गदल्याने लोकांना शपथेवर धीर दिला: खास्द्यांची चाकरी करा, द्राक्षारस, उन्हाळी फळे व तेल साठवा, गावांत राहा. मवाब, अम्मोन, अदोम येथे पांगलेले लोक परत आले आणि त्यांनी त्या वर्षी पुष्कळ पीक गोळा केले. एवढ्या नाशानंतर यिर्मयाच्या पुस्तकात हे एक भरल्या कोठाराचे वाक्य आहे.

योहानान बिन कारेह ह्याने गदल्याला एकांतात सांगितले की राजवंशातला इश्माएल बिन नथन्या तुम्हांला मारावयास येत आहे, मी त्याला गुपचूप मारतो. गदल्याने ते मानले नाही. तू इश्माएलाविषयी खोटे बोलतोस, असे म्हणाला. सातव्या महिन्यात इश्माएल दहा माणसे घेऊन आला, ती सर्व गदल्याबरोबर जेवावयास बसली, आणि जेवताजेवता उठून त्यांनी त्याला मारले.

गदल्या भोळा होता काय? वर्गात हा वाद नेहमी होतो, आणि तरुण मंडळी बहुधा योहानानाच्या बाजूची असतात. आमचे मत थोडे निराळे आहे. त्याने पहारा ठेवावयास हवा होता हे खरे. ज्याच्यावर इतक्या जिवांचा भार, त्याने इशाऱ्याची चौकशी तरी करावी. त्याच्याबरोबर पुष्कळ निरपराधी मेले, आणि उरलेले लोक भीतीने यिर्मयाला ओढून मिसरास गेले. परंतु चौकशीवाचून, एका माणसाच्या शब्दावर, दुसऱ्याचा गुपचूप जीव घेऊ देण्यास तो तयार झाला नाही. यहोयाकीमाच्या दरबारात माणसे अशीच मारली जात होती, आणि ते त्याच्या बापाने जवळून पाहिले होते. यहूदी लोक आजही सातव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी गदल्याच्या नावाने उपास करतात. जखऱ्या ७:५ व ८:१९ मध्ये सातव्या महिन्याच्या ज्या उपासाचा उल्लेख आहे, तो हाच.

शब्बाथशाळेसाठी हा धडा दोन रविवारी घ्यावा. पहिल्या रविवारी २ राजे २२ व यिर्मया ३६ एकापुढे एक वाचावेत आणि फळ्यावर दोन्ही राजांनी काय फाडले ते मुलांकडून लिहवून घ्यावे. लहान वर्गात मातीची गोळी करून दोऱ्याच्या गाठीवर बटणाने ठसा उमटविण्यास द्यावे. मुले हे विसरत नाहीत. दुसऱ्या रविवारी एबद-मलेख व गदल्या घ्यावेत. यिर्मया ४१ मधील सत्तर प्रेतांचा भाग बारा वर्षांखालील मुलांना वाचून दाखवू नये. मोठ्या वर्गात मात्र तो वगळू नये, आणि योहानानाचे म्हणणे खरे ठरले ह्यावरून गदल्या चुकला असे ठरते काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवून शिक्षकाने स्वतः काही वेळ गप्प बसावे.